एक्सेलच्या यादीतून प्रमाणपत्रं छापताय? या चुका टाळा

गणपतीतल्या स्पर्धा संपल्या की गिरगावातल्या आमच्या मंडळाची प्रमाणपत्रं मीच लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पीडीएफ बनवायची प्रणाली) करतो. एक साचा, एक यादी, एक कमांड. गेल्या वर्षी यादीत १८४ नावं होती आणि पीडीएफमध्ये पानं निघाली १७९. एररचा पत्ता नाही. पाच पोरं गेली कुठे?

गेली पत्त्यात. ‘खोली ५, खाडिलकर रोड’ यात स्वल्पविराम आहे, म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडणारी साधी फाइल) करताना एक्सेल तो मजकूर अवतरणचिन्हांत घालतं. पण ती फाइल लाटेकमध्ये वाचणारं सीएसव्हीसिंपल पॅकेज त्या चिन्हांना जुमानत नाही. त्याच्या हिशेबी ओळीत एक रकाना जास्त होतो आणि रकाने जुळले नाहीत की ते अख्खी ओळ मुकाट्याने गाळतं. आता मी यादी गूगल शीट्समधून टीएसव्ही (टॅबने रकाने तोडणारी फाइल) म्हणून उतरवतो आणि सीएसव्हीसिंपलमध्ये सेपरेटर, म्हणजे रकाने तोडणारं चिन्ह, टॅब ठेवतो. शेवटी पानं मोजतोच.

टक्क्याचं चिन्हही असंच छळतं. लाटेकसाठी त्या ओळीतलं त्याच्यापुढचं सगळं म्हणजे न छापायचा शेरा, त्यामुळे ‘९२%’ मधल्या रकान्यात असलं की रकाने कमी पडून ती अख्खी ओळ गायब. सीएसव्हीसिंपलला ‘रिस्पेक्ट ऑल’ हा पर्याय द्या, टक्का काय नि अँपरसँड (&) काय, जसंच्या तसं छापलं जातं.

चाळ ३, खोली १२ हे कुणी ‘३/१२’ असं भरलं की एक्सेल त्याची ३ डिसेंबर तारीख करतं. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तर ४५९९४ वगैरे आकडा हातात येतो, खोली काही परत येत नाही. टेक्स्ट करायचं ते भरण्याआधी.

नावांत प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल साध्या सीएसव्हीत सेव्ह झालीय, देवनागरी टिकवणारा यूटीएफ-८ प्रकार निवडा. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली तर फॉन्टस्पेकमध्ये (लाटेकचं फॉन्ट निवडायचं पॅकेज) स्क्रिप्ट, म्हणजे लिपी, देवनागरी द्यायची राहिलीय.

सगळ्यात लाज आणणारी चूक मात्र माझी स्वतःची. यादी ‘साफ’ करायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो न दिसणारी अक्षरं काढून टाकायचा. त्यात शून्य रुंदीचा जोडकही (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं न दिसणारं चिन्ह) गेला. काही कीबोर्ड ‘ऱ्ह’मधला अर्धा र त्याच जोडकाच्या जोरावर लिहितात. झालं, कुऱ्हाडेंची ‘कुर्हाडे’ झाली, डोक्यावर रफार घेऊन. आजोबा चष्मा लावून प्रमाणपत्र वाचत होते, मला म्हणाले, “अहो, हे आमचं आडनाव नव्हे.” साफसफाई करायचीच तर आधी ‘ऱ’ हे अक्षर घालून तसे शब्द बदलून घ्या.

लांब नाव चौकटीबाहेर जातं म्हणून रिसाइजबॉक्स (मजकूर दिलेल्या रुंदीत बसवणारी लाटेकची आज्ञा) वापरू नका. ॲडजस्टबॉक्स पॅकेजचं मॅक्स विड्थ (कमाल रुंदी) घ्या, ते फक्त मोठं नाव आवळतं. रिसाइजबॉक्स छोटं नावही ताणतो. आमच्याकडच्या ओमचं नाव एकदा कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आलं होतं. त्याने ते घरी भिंतीवर लावलंय.