शाफ्टमध्ये ‘मेले’ कोण म्हणालं? लिफ्टच्या टोळीवर देखरेख करताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे लिफ्टच्या कामावर पुष्कळदा एक मराठी आणि एक कन्नड बोलणारा अशी जोडी असते. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. अंधाऱ्या शाफ्टमधून, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीतून, हा शब्द ऐकू आला की नव्या मराठी हेल्परच्या पोटात गोळा येतो. हसण्यावारी नेऊ नका. काम सुरू होण्याआधी शब्द ठरवा: वर, खाली, थांब, नाहीतर मेले, केळगे, निल्लु. एका कामावर एकच संच. हुकूम फक्त कार टॉपवरच्या, म्हणजे लिफ्टच्या डब्याच्या छतावरच्या, माणसाने द्यायचा, दुसऱ्याने तोच शब्द मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच हात हलवायचा. ‘थांब’ मात्र कुणीही, कुठल्याही भाषेत ओरडावं.

कार टॉपवर चढताना क्रम मोडू देऊ नका. आधी दार किल्लीने थोडं उघडून कॉल द्यायचा, म्हणजे लिफ्ट बोलवायचं बटण दाबायचं. लिफ्ट हलली तर डोअर लॉक खराब, काम तिथेच थांबवा. मग हात घालून कार टॉपवरचा स्टॉप दाबायचा, दार लावून पुन्हा कॉल. त्यानंतर इन्स्पेक्शन (लिफ्ट फक्त कार टॉपवरच्या बटणांनी हळू चालते ती स्थिती) लावून स्टॉप सोडायचा, दार लावून तिसऱ्यांदा कॉल. तिन्ही वेळा लिफ्ट जागची हलली नाही, तर स्टॉप पुन्हा दाबून मगच वर पाय. पोरं घाईत मधली पायरी गाळतात, आणि नेमका स्टॉपच बिघडलेला असतो.

मेन स्विच बंद केला म्हणजे लिफ्ट मेली, असं नाही. वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणारी एआरडी तिच्या बॅटरीवर ब्रेक उघडून गाडी हलवू शकते. ती वेगळी बंद करायची. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, स्विच बंद केल्यावरही काही वेळ, ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर सुमारे ५८० व्होल्ट डीसी साठलेला असतो. ड्राइव्हच्या पाटीवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग मल्टीमीटर लावा. मीटर आधी चालू सप्लायवर, मग बंद भागावर, मग पुन्हा चालूवर. कुलूप ज्याचं त्याचं, किल्लीही ज्याच्या त्याच्या खिशात.

जंपर वायरी (तपासणीपुरतं एखादं लॉक किंवा स्विच वगळायला जोडतात त्या तारा) लांब, लाल आणि नंबर घातलेल्या द्या. चार दिल्या तर चार परत मोजून घेतल्याशिवाय लिफ्ट चालू करू नका. टर्मिनलमागे विसरलेली आखूड वायर म्हणजे दार उघडं असताना चालणारी लिफ्ट.

पावसाळ्यात पिट, म्हणजे शाफ्टच्या तळाचा खड्डा, पाण्याने भरतो. पाणी उपसण्याआधी मेन, एआरडी, शिवाय पिटमधल्या दिव्याची वेगळी लाइनही बंद. उपसून निघून आलात तर आठवड्यात तेच पाणी पुन्हा. भिंतीवर ऑइल पेंटने पातळीची रेघ मारा. पाऊस नसतानाही पाणी चढलं तर टाकी किंवा जमिनीतला पाझर शोधा, इमारतवाल्यांना लेखी कळवा. बफर (तळाशी धक्का झेलणारा) आणि गव्हर्नरची (वेग हाताबाहेर गेला तर लिफ्ट थांबवणाऱ्या यंत्रणेची) खालची पुली गंजली आहे का, हे सुपरवायझरने स्वतः खाली उतरून बघावं, फोटोवर भागवू नये.

एस्केलेटरच्या पायऱ्या काढल्या असतील तर दोन्ही टोकांना अडथळे लावा आणि तो फक्त हँडसेटवरून (हातात धरायच्या बटणपेटीवरून), थोडा थोडा फिरवा.

कोल्हापूरकडून टोळी आली असेल तर आठवण करून द्या: महाराष्ट्राचा २०१७ चा लिफ्ट कायदा इथे लागू नाही. इथे कर्नाटकाचा २०१२ चा कायदा आणि विद्युत निरीक्षक. रजिस्टरमध्ये नोंद त्याच दिवशी करा, कोणत्या दारावर काम झालं तेही लिहा.