पदावरून उतरल्यावर पुस्तक लिहायला बसताना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या माजी लोकप्रतिनिधींच्या आठवणींचे शब्दांकन आणि मुद्रितशोधन मी गेली पंधरा वर्षे करत आहे. पंचायत समितीचे सभापती, जिल्हा परिषदेचे सदस्य, एखाद-दुसरे आमदार अशी ही मंडळी बहुधा सत्तरीत लिहायला बसतात आणि बहुतेकांच्या पिशवीत आधीच काही मजकूर असतो. तो मजकूर म्हणजे सहसा त्यांची जुनी भाषणे असतात. पुस्तकाची सुरुवात ही भाषणे बाजूला ठेवण्यापासून करावी, असे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगतो.

याचे कारण साधे आहे. सभेत समोर बसलेली माणसे वक्त्याला ओळखत असतात, प्रसंग त्यांच्याही आठवणीतला असतो, त्यामुळे अर्धे वाक्य बोलले तरी उरलेले ती मनात पुरे करतात. पुस्तकाचा वाचक मात्र तीस वर्षांनी जन्मलेला असतो आणि त्याला काहीच माहीत नसते. माण तालुक्यातले एक माजी सभापती १९७२ च्या दुष्काळाबद्दल पहिल्या दिवशी म्हणाले, "हजारो हातांना आम्ही काम दिले." हे वाक्य त्यांनी आयुष्यभर व्यासपीठावरून म्हटलेले होते. त्या वेळी तुम्ही स्वतः कुठे उभे होता, असे मी विचारले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून त्यांनी सांगितले की, ते तेव्हा सभापती नव्हतेच, खडी फोडण्याच्या कामावर हजेरी लिहीत होते. मग हजेरीपट आला, त्यावरचे अंगठे आले. खडी फोडून एका बाईच्या बोटाची कातडी इतकी झिजली होती की, अंगठ्याच्या रेषा कागदावर उमटतच नसत, नुसता शाईचा डाग पडे; ते तिचा अंगठा पुन्हा घेत आणि दुसऱ्यांदाही डागच पडला की शेजारी तिचे नाव स्वतःच्या हाताने लिहीत. कामावर मिळणारी सुकडी ती तिथे खात नसे, पदराला गाठ मारून मुलांसाठी घरी नेत असे. रेशनवर आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीचा विषयही त्याच ओघात निघाला. दीड तासाच्या त्या बोलण्यातून पुस्तकाची नऊ पाने झाली आणि "हजारो हात" हे शब्द त्यांत कुठेही घ्यावे लागले नाहीत.

म्हणून प्रत्येक प्रसंग लिहिण्यापूर्वी आपण कुठे होतो, शेजारी कोण होते, हातात काय होते आणि त्या क्षणी आपल्याला काय ठाऊक नव्हते, हे स्वतःला विचारावे. शेवटचा प्रश्न नेत्यांना सर्वांत अवघड जातो, कारण पदावर असताना आपल्याला सगळे ठाऊक आहे असेच वागावे लागते आणि ती सवय पद गेले तरी राहते. पण वाचकाचा विश्वास तिथेच बसतो.

वेळेचे म्हणाल तर सकाळ सोडून द्यावी. पद गेले तरी आपल्याकडे सकाळी ओसरीवर माणसे येतातच, कुणाला तहसीलचा अर्ज लिहून हवा असतो, कुणाच्या भावकीतला बांधाचा वाद मिटवायचा असतो, आणि त्यांना परत पाठवणे या माणसांना जमत नाही, जमूही नये. दुपारी दोन ते चार हा वेळ बहुतेकांना मानवतो. हाताने लिहिणे होत नसेल तर मोबाइलवर बोलावे, मात्र समोर एक तरी ऐकणारा असावा, आणि तो कार्यकर्ता नसावा. कार्यकर्ता मान डोलावतो. घरातली शिकणारी नात फार चांगले प्रश्न विचारते, हा माझा अनेक घरांतला अनुभव आहे.

लिहायला घेण्याआधी यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' नीट वाचावे. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, उपपंतप्रधान एवढी पदे भूषवलेल्या माणसाचे हे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते, म्हणजे मोठी सत्ता हाती येण्याच्या आधीच. त्यात जन्मगाव देवराष्ट्रे आहे, कराड आहे, आई विठाई आहे, तुरुंगातले दिवस आहेत. जो काळ फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, त्यालाच जास्त पाने द्यावीत, हे त्यावरून शिकता येते, कारण मंत्रिपदाचा काळ इतरही लिहितात. 'सागरतीर' आणि 'यमुनाकाठ' असे पुढचे दोन खंड त्यांच्या मनात होते; 'कृष्णाकाठ' १९८४ साली आले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ते गेले. ते खंड आपल्याला कधीच वाचता येणार नाहीत, याची खंत मला आजही वाटते, आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही तारीख सांगतो.

आठवण लिहून झाली की ती कागदाशी पडताळावी. जिल्हा परिषदेच्या सभांची इतिवृत्ते, ग्रामपंचायतीचे ठराव, विधिमंडळाची छापील कार्यवृत्ते, जुनी पत्रे, डायऱ्या, इतकेच काय, लग्नपत्रिकाही कामाला येतात. आपल्या भागात एक चूक हमखास होते. तासगाव किंवा वाळव्याकडचे लेखक "१९५५ साली सांगली जिल्ह्यात" असे सहज लिहितात. परंतु १९४९ मध्ये साताऱ्यापासून वेगळा झालेला तो जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जात होता आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. तसेच जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या, त्यामुळे त्यापूर्वीच्या प्रसंगात जिल्हा परिषद आली असेल तर तिथे लोकल बोर्ड होते का, हे पाहावे. आठवण आणि कागद जुळत नसतील तर दोन्ही द्यावेत आणि जुळत नाहीत हेही मोकळेपणाने लिहावे.

विरोधकांविषयी लिहिताना जे स्वतः पाहिले तेवढेच लिहावे, ऐकीव मजकूर गाळावा. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, आणि खरे असले तरी ते लोकहितासाठी छापले, हेही दाखवावे लागते. दिवंगत माणसाबद्दलचा मजकूरही त्यातून सुटत नाही. मंत्री राहिलेल्यांनी गोपनीयतेची शपथ आठवावी. दुसऱ्याने आपल्याला लिहिलेले पत्र छापायचे असेल, तर कागद आपला असला तरी शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांचा असतो, म्हणून लेखी परवानगी घ्यावी.

छपाईबाबत थोडेच सांगतो. प्रकाशनाची तारीख वाढदिवसाला किंवा अमृतमहोत्सवाला बांधू नये, कारण मग शेवटची मुद्रिते घाईत तपासली जातात. एका पुस्तकात जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना शेकडो शब्दांचे रफार गळाले होते आणि समारंभ चार दिवसांवर असल्यामुळे ते तसेच छापले गेले. "धर्म" या शब्दाचे पानोपानी "धम" झाले होते. ते पुस्तक हातात घेताना लेखकाचा चेहरा पडला, तो मी विसरलेलो नाही. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्मा धरून बारा-तेरा फॉर्म्यांत, म्हणजे दोनशे पानांच्या आसपास, बसेल एवढेच ठेवावे. आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रती पाठवायच्या असतात. स्वतःच छापले असेल तर हे काम आपले आहे.

पहिले पुस्तक आल्यावर लोक पुन्हा सत्काराला बोलावतात, तेव्हा बरेच जण लिहिणे थांबवतात. लेखक व्हायचे असेल तर दुसरे पुस्तक लगेच हाती घ्यावे आणि ते स्वतःविषयी नसावे. आपल्या तालुक्यात पाणी कसे आले, सहकारी सोसायटी कशी उभी राहिली आणि कशी बुडाली, गावची तालीम कुणी चालवली, हे विषय पंचवीस-तीस वर्षे जवळून पाहिलेला माणूस जसे लिहील तसे बाहेरचा अभ्यासक लिहू शकणार नाही. माणचे सभापती सध्या हजेरीपटावरच्या त्या बायकांच्या घरी जाऊन त्यांच्या सुनांशी बोलत आहेत.

आणि पुस्तक झाले म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नयेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतल्या कितीतरी डायऱ्यांचा लगदा झाला. कागद पेटीत घालून वरच्या मजल्यावर ठेवावेत, त्यांची छायाचित्रे काढून दोन वेगवेगळ्या घरांत जपावीत आणि पेटीत काय आहे याची यादी झाकणाच्या आतून चिकटवावी.