जखमेत 'पडलेले' किडे आणि 'सोडलेल्या' अळ्या : या चुका टाळा

आपल्याकडे कुणाचं वाईट चिंतायचं झालं की 'किडे पडतील अंगाला' म्हणतात. चिकोडी-हुक्केरीकडची कानडी बाई दवाखान्यात 'गायदाग हुळा बिद्दाव री' (जखमेत किडे पडलेत हो) असं सांगते तेव्हा तिचाही आवाज तसाच खाली जातो, जणू गुन्हा कबूल करतेय. मी सात वर्षं इंग्लंडमध्ये पायाच्या जुन्या जखमांच्या विभागात नर्स होते. तिथं मेलेलं मांस साफ करायला जखमेत मुद्दाम अळ्या सोडतात, हे खानापूरला घरी सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. मग आत्यानं विचारलं, "विकतच्या?"

होय आत्या, विकतच्या. बाटलीतून येतात, तारखेसकट.

आता बेळगावात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. शहापूर, वडगाव, अनगोळ, कधी हिंडलगा. गेल्या दोनेक वर्षांत मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक आपणहून विचारायला लागलेत, "सिस्टर, आमच्या बाबांच्या पायाला ते किडे घालूया काय?" प्रश्न वेडगळ नाही. चुका मात्र त्याच त्या होतात. काही तिथं बघितल्या, काही इथं.

पडलेल्या अळ्यांना औषध समजणं

सगळ्यात घातक चूक हीच, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले मामा. वय सत्तरीला टेकलेलं, शुगर जुनी, टाचेला जखम. पावसाळ्याचे दिवस, रस्ता चिखलाचा, चार दिवस पट्टी बदललेली नव्हती. मुलानं पट्टी सोडली तर आत पांढरं वळवळतंय. त्यानं व्हिडिओ बघितला होता. त्याला वाटलं, देवानंच उपचार धाडला, आणि त्यानं पट्टी परत बांधून टाकली. तीन दिवसांनी ताप आला, घरभर वास सुटला, तेव्हा मला फोन. अळ्या वर दिसत नव्हत्या, कातडीखालून आत शिरल्या होत्या. दवाखान्यात चिमट्यानं एकेक काढाव्या लागल्या. पाय वाचला, दोन बोटं गेली. मुलाला मी दोष देत नाही. त्यानं जे बघितलं ते खरंच होतं, फक्त माशी दुसरी होती.

आपल्या भागात जनावरांच्या आणि माणसांच्या जखमांत सापडणारी एक माशी म्हणजे क्रायसोमिया बेझियाना. बैलाच्या खांद्याला जू लागून झालेली जखम, नुकत्याच जन्मलेल्या वासराची बेंबी, अशा ठिकाणी ती अंडी घालते. तिच्या अळ्या जिवंत मांस खातात आणि डोकं खाली करून आत आत घुसतात. गुरांच्या डॉक्टरांना तिची चांगली ओळख आहे. उपचाराच्या अळ्या वेगळ्या, ल्युसिलिया सेरिकाटा नावाच्या हिरव्या चकचकीत माशीच्या. त्यांची अंडी प्रयोगशाळेत जंतुनाशकानं धुतात, निर्जंतुक बाटलीत अळ्या निघतात, जंतू राहिले नाहीत ना हे तपासतात आणि मगच त्या दवाखान्यात येतात.

म्हणून हिरवी माशी बसली म्हणजे बरंच झालं, असंही समजू नका. इंग्लंडमधले मेंढपाळ याच ल्युसिलियाला टरकून असतात, कारण ओल्या, घाण झालेल्या लोकरीखाली ती मेंढीची जिवंत कातडी खाते. अथणीकडच्या धनगराला हे वेगळं सांगायला नको.

विल्यम बेअर या अमेरिकन सर्जनलाही इथंच ठेच लागली होती. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, मांडीचं हाड मोडलेले आणि पोटाला जखमा झालेले दोन सैनिक त्याच्याकडे आले. सात दिवस रणांगणावर अन्नपाण्याविना पडून होते. जखमा अळ्यांनी भरलेल्या, पण ताप नाही, आणि अळ्या धुऊन काढल्यावर खाली गुलाबी, ताजं मांस. पुढं जॉन्स हॉपकिन्समध्ये हाडात पू झालेल्या मुलांवर त्यानं हा उपचार सुरू केला. सुरुवातीच्या अळ्या निर्जंतुक नव्हत्या आणि काही रोग्यांना धनुर्वात झाला. तेव्हापासून अंडी निर्जंतुक करायची पद्धत त्यानं बसवली. १९३०च्या दशकात अमेरिकेतली तीनशेहून जास्त हॉस्पिटलं अळ्या वापरत होती. मग पेनिसिलिन आलं आणि अळ्या मागं पडल्या. पुढं अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू वाढले तसं डॉक्टरांचं लक्ष पुन्हा तिकडं गेलं. २००४ मध्ये औषधांना परवाना देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेनं त्यांना परवानगी दिली.

आता उलटी चूक. किडे दिसले की रॉकेल, पेट्रोल, फिनाइल ओतायचं. निपाणी पट्ट्यात तंबाखूची भुकटी भरतात. निकोटिनानं किडे मरतात हे खरं, पण तेच निकोटिन जखमेतून रक्तात जातं, शिरा आवळतं आणि रक्त कमी पोचलं की जखम आणखी रखडते. भुकटीबरोबर माती जाते ती वेगळीच. डॉक्टर टर्पेंटाईन वापरतात, पण थोडं, अळ्या बाहेर याव्यात म्हणून, आणि लगेच त्या ओढून काढतात. रंगाच्या दुकानातली बाटली आणून ओतणं म्हणजे ते नव्हे. जखमेवर सलाईननं भिजवलेलं स्वच्छ गॉज ठेवा, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून सांगा.

अनगोळातल्या एका हुशार पोरानं मला विचारलं होतं, "गच्चीवर मटण ठेवून आपणच पैदास केली तर?" अंडी धुवायचं औषध कुठलं, हेसुद्धा त्यानं शोधलं होतं. नको बाळा. अळी पैदा होईल, ती निर्जंतुक आहे हे कोण तपासणार? हा माल औषधाच्या दुकानात मागून मिळत नाही. शुगरच्या पायाचं काम करणाऱ्या सर्जनला विचारायचं. ते 'सोय नाही' म्हणाले तर चाकूनं जखम साफ करणं हाही चांगला, जुना उपाय आहे.

जखम न बघता अळ्यांचा हट्ट

अळी दातांनी चावत नाही, तिला दात नसतातच. तोंडाच्या दोन बारीक आकड्यांनी ती धरते, पाचक रस बाहेर सोडते, मेलेलं मांस पातळ करते आणि ते पिते. म्हणजे तिला ओल लागते. वाळून काळं, चामड्यासारखं कडक झालेल्या बोटावर अळ्या सोडल्या तर त्या उपाशी मरतात. तसा भाग आधी मऊ करून घ्यावा लागतो किंवा कापावा लागतो. आणि काळं कोरडं बोट म्हणजे बहुतेक वेळा पायाला रक्तच पोचत नाही. तिथं आधी घोट्याजवळची नाडी, डॉपलर (रक्त वाहतंय का ते बघायची तपासणी), रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचं मत. रक्त न पोचणारा पाय अळ्यांनी साफ केला तरी भरून येणार कुठून?

मोठ्या रक्तवाहिनीजवळची जखम, पोटात किंवा सांध्यात उघडणारी जखम, झपाट्यानं पसरणारा संसर्ग, या ठिकाणी अळ्या नकोत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. 'हृदयाची गोळी चालू आहे' एवढ्यानं भागत नाही, पाकीट घेऊन जा.

अळ्या एका दिवसात का मरतात

इंग्लंडमध्ये नवीन नर्सकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि मीही केली. पहिल्याच रोग्याच्या जखमेवर वरून छान, गच्च, हवाबंद चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी उघडलं तर सगळ्या निपचित, करड्या पडलेल्या. मेट्रन काही बोलली नाही, तिनं फक्त माझ्याकडे बघितलं.

जिवंत जखम कशी दिसते ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी वरची पट्टी काढली की अळ्या दाटीनं उभ्या असतात, डोकी खाली मांसात, शेपट्या वर. खानापूरकडं भाताचा तरवा दाट उगवतो ना, तसा तो वाफा, फक्त हलणारा. त्या श्वास घेतात ते शेपटीच्या टोकाला असलेल्या भोकांतून. म्हणून वरून हवा बंद केली की गुदमरतात, जखमेचं पाणी साचलं की बुडतात. वरचं गॉज भिजलं की दिवसातून एकदा, गरज पडली तर दोनदा, तेवढंच बदलायचं, अळ्यांवर घातलेली आतली जाळी तशीच ठेवायची.

आणखी कारणं असतात. आदल्या दिवशी जखमेत पोव्हिडोन आयोडीन ओतलेलं, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढलेला, कसलं तरी जेल किंवा आजीनं भरलेली हळद. अळ्या सोडण्याआधी नुसत्या सलाईननं जखम नीट धुऊन घ्यावी लागते. टाचेची जखम असेल आणि रोगी त्याच टाचेवर स्वयंपाकघरात जाऊन आला तर अळ्या चिरडतात. बाटली आली त्या दिवशीच वापरायची, 'उद्या बघूया' चालत नाही. आपल्या एप्रिलच्या उन्हात तर नाहीच.

बाजूची कातडी विसरू नका. मांस विरघळवणारा तो रस चांगल्या कातडीलाही भाजतो. जखमेच्या कडेनं झिंक पेस्टचा थर किंवा हायड्रोकोलॉइडच्या (कातडीला चिकटणाऱ्या) पट्ट्या लावून कुंपण घालतात. हे कुंपण नीट नसेल तर बाजूला लाल होतं, गुदगुल्या होतात आणि रोगी म्हणतो, "सिस्टर, बाहेर आल्यात त्या!" कधी कधी खरंच आलेल्या असतात.

किती आणि किती वेळ

साधारण एका चौरस सेंटिमीटरला ५ ते ८ अळ्या. म्हणजे ४ बाय ५ सेंटिमीटरच्या जखमेला शंभर ते एकशेसाठ. आकडा ऐकून लोक दचकतात, पण सोडताना त्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात, साबुदाण्याच्या दाण्याहून बारीक. दोन-तीन दिवसांत एक सेंटिमीटरच्या आसपास होतात. मोकळ्या सोडल्या असतील तर ४८ ते ७२ तासांत काढायच्या, जाळीच्या पिशवीतल्या चार दिवसांपर्यंत ठेवतात. 'अजून थोडं साफ होऊ दे' म्हणून ताणायचं नाही. पोट भरलं की त्यांना कोषात जायला कोरडी जागा हवी असते आणि त्या निघून जायला बघतात. त्या जखमेत पिल्लं घालतील ही भीती मात्र सोडा. अंडी घालते ती माशी, आणि अळीची माशी व्हायच्या आत त्या काढलेल्या असतात.

काढलेल्या अळ्या पिवळ्या पिशवीत, बांधून, दवाखान्याच्या कचऱ्यात. संडासात नाही, परसात नाही.

घाबरून मध्येच काढणं, किंवा घाबरायला हवं तेव्हा थांबणं

पहिल्या दिवसानंतर लालसर-तपकिरी पाणी येतं, वासही वाढतो. मेलेलं मांस विरघळतंय म्हटल्यावर अत्तराचा वास येणार नाही. दुसऱ्या दिवशी अळ्या मोठ्या होतात तसं काहींचं दुखणं वाढतं, विशेषतः ज्यांचं रक्त कमी पोचतं त्यांचं. दुखायला लागल्यावर गोळी शोधण्यापेक्षा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. सहनच होत नसेल तर अळ्या काढता येतात, त्यात हार नाही. पण लालभडक रक्त वाहायला लागलं, थंडी वाजून ताप आला, पायावरची लाली वर सरकायला लागली, तर 'अळ्या काम करताहेत' म्हणत बसू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

साफ झाली म्हणजे बरी झाली, असं धरून चालणं

२००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठी चाचणी आली होती, पायाच्या जुन्या जखमांच्या २६७ रोग्यांवर. अळ्यांनी जखम मेलेलं मांस मऊ करणाऱ्या जेलपेक्षा लवकर साफ झाली, पण भरून यायला लागणारा वेळ तेवढाच राहिला, आणि दुखणं अळ्यांचं जास्त. इंग्लंडमध्ये मी जे डोळ्यांनी बघितलं त्याच्याशी हे जुळतं. अळी झाडलोट करते. घर बांधायचं काम तिचं नाही.

घर बांधायचं म्हणजे शुगर ताब्यात आणणं, व्हेरिकोज व्हेन्सची जखम असेल तर डॉक्टरांनी पायाला रक्त पोचतंय का ते तपासून सांगितलेली दाबाची पट्टी, शुगरची जखम असेल तर त्या पायावरचा भार काढणं. आमच्या लोकांना सगळ्यात जड जातं ते हे शेवटचं. वडगावातल्या एका काकांची तळव्याची जखम साफ करून, लाल दाणेदार मांस भरत आणायला मला अडीच महिने लागले. माघी पौर्णिमा आली. "नवस आहे," म्हणाले, आणि अनवाणी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आले. परतल्यावर पट्टी सोडली तर पाय पहिल्या दिवसापेक्षा वाईट. काकू दाराआड उभ्या होत्या.

आता तेच काका पुढच्या नवसाला माझ्याशी तडजोड करून बसलेत. डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडी, पायऱ्यांवर मऊ तळाची चप्पल, आणि चप्पल फक्त गाभाऱ्याच्या दारात काढायची. चपलेसाठी त्यांनी अथणीच्या कारागिराकडे पायाचं माप पाठवलंय, पुढचा अंगठा मोकळा ठेवायला सांगून. कारागीर म्हणाला, कोल्हापुरीचा अंगठा काढला तर तिला कोल्हापुरी कोण म्हणणार? त्यावर अजून बोलणी चालू आहेत.