रोवणीच्या दिवसांत खेकडा उलटा करून पाहा

नागपूर जिल्ह्यातल्या मौदा, रामटेक, पारशिवनी, कुही भागांत धानाची रोवणी (लावणी) लागली की धुऱ्यांना, म्हणजे शेताच्या बांधांना, बिळं पडतात. बांधीतलं (धानाच्या खाचरातलं) पाणी रातोरात खाली उतरतं आणि सकाळी कोवळी रोपं बुडाशी कापलेली दिसतात. बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या असतील तर ते खेकड्याचं, भुरभुरीत मातीचा ढीग असेल तर बहुधा उंदराचं. आधी हे ओळखा, दोघांचे उपाय वेगळे आहेत.

खेकडा हाती लागला की उलटा करून पोटाखालची झडप बघा. नराची झडप अरुंद आणि टोकाला निमुळती, ती तशीच राहते. मादीची लहानपणी अरुंदच असते, पण वयात येताना कात टाकली की रुंद होते आणि पायांच्या बुडापर्यंत सगळी छाती झाकते. याच झडपेखाली ती अंडी आणि पुढे पिल्लंही सांभाळते. समुद्री खेकड्याच्या अळ्या लाखांनी पाण्यात सुटतात. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याची अंडी मोठी आणि थोडी, त्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो. म्हणून पोटाशी पिल्लं असलेली मादी कृपा करून मारू नका. धुऱ्यातून काढायचीच असेल तर शेतापासून दूर नाल्यात सोडा. अशा माद्या संपल्या तर नाल्यात खेकडे पुन्हा लवकर वाढत नाहीत, आणि नाल्यातला कुजका पालापाचोळा खाऊन साफ करणारे हेच जीव आहेत.

आकाराचा अंदाज नांगीवरून घेऊ नका. वयात आलेल्या नराची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी होते; शिवाय तुटलेली नांगी पुन्हा फुटते, पण आधी लहानच असते. पाठीची रुंदी पाहा. कवच वाढत नाही, प्रत्येक काती­नंतर नवं मोठं कवच येतं, आणि त्यात लांबीपेक्षा रुंदी जास्त वाढते. त्यामुळे पिल्लू गोलसर आणि मोठा खेकडा आडवा दिसतो. कात टाकल्यावर तो काही दिवस मऊ असतो आणि बिळातच दडून बसतो. म्हणून एकदा पकडून भागत नाही, काही दिवसांनी पुन्हा धुरे फिरावे लागतात.

पकडायला मडकं उत्तम. धुऱ्यालगत तोंडापर्यंत पुरा, आत थोडा कोंडा टाका, सकाळी काढा. रिकामी बिळं चिखलाने ठासून भरा, नुसती वरून लिंपू नका. फार कोवळं पऱ्हं (रोवणीची रोपं) लावू नका. खेकड्याचा धोका रोवणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे जास्त, रोप जून झालं की कमी होतो.

बिळात कीटकनाशक ओतू नका. ते पाटातून बोडीत (लहान तळ्यात) जातं आणि मासोळीही मरते. फोरेट हे कीटकनाशक तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात वापरायला बंदच आहे. घरात जुना डबा असेल तर तो उघडूसुद्धा नका. औषध पडलेल्या बांधीतला खेकडा खाऊ नका. स्वच्छ पाण्यातला असला तरी पूर्ण शिजवूनच खा, कच्च्या किंवा अर्धवट भाजलेल्या खेकड्यातून फुप्फुसात जंत जाऊ शकतो.