टिटवीच्या घरट्याचे फोटो काढताना या चुका टाळा

मार्चपासून माळावर, नांगरटीत, कधी तर मुरमाच्या रस्त्याकडेलाही टिटवीची अंडी दिसू लागतात. घरटं कसलं, जमिनीतला उथळ खळगा, कडेला खडे आणि मध्ये मातकट, काळ्या ठिपक्यांची बहुधा ४ अंडी.

सगळ्यांत महागात पडते ती दुपारी जाण्याची चूक. भर उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही वीस मिनिटं लेन्स रोखून उभे राहिलात, की तेवढा वेळ अंडी तापल्या मातीवर उघडी. आतला जीव शिजतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

फोटोही बिघडतोच. ६०० मिमीच्या लेन्सने काढलेलं चित्र धूसर आलं की लोक लेन्सला दोष देतात, शटरचा वेग १/२००० सेकंदावर नेतात. दोष झळांचा, म्हणजे तापल्या जमिनीवर लहरणाऱ्या हवेचा असतो, त्या शटरने जात नाहीत. सकाळी साडेआठच्या आत उरका. गाडीतून फोटो काढणार असाल, तर एसी बंद करून काचा थोडा वेळ आधीच उघडा. गार आणि गरम हवा खिडकीत मिसळते तिथेही चित्र लहरतं. गालावरचा पांढरा पट्टा जळत असेल, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढराफेक येत असेल, तर एक्सपोजर (फोटोचा उजेड) पाऊण स्टॉप उतरवा.

किती अंतर ठेवायचं, हे टिटवीच सांगते. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर तुम्ही फार पुढे आला आहात. आल्या वाटेने मागे फिरा आणि दहा मिनिटांत ती अंड्यांवर परतली नाही तर आणखी मागे. अंडी शोधत फिरू नका: पायाखाली येतील ती हीच. आडवं येणारं गवत उपटणं तर नकोच. तीच त्यांची सावली, तोच आडोसा, आणि वर कावळा बघत असतो.

पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात. एखादं निपचित पडलेलं दिसलं तर ते आजारी समजून घरी आणू नका, ते दबून बसलंय. आई जवळच ओरडत असते.

फोटो टाकताना त्यातली जागेची जीपीएस नोंद काढून टाका, गावाचं नाव गाळा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही शिकारीच्याच व्याख्येत येतं.