ज्युनिअरना वृद्ध रुग्ण शिकवण्याआधीची तयारी: चष्मा, यंत्र, कवळी

मेडिसिनच्या पोस्टिंगला आलेल्या इंटर्न आणि जेआर-वनसाठी (पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर) वृद्ध रुग्णांवर एक दिवस ठेवायचा असेल, तर प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं आणि हजेरीचा कागद याबद्दल मी काही सांगत नाही. ते सगळ्यांना जमतं. हॉल घेऊच नका, वॉर्डात करा. २०१९पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मेडिसिनखाली वृद्धांच्या आजारांचा वेगळा विषय आहे, त्यामुळे मुलांची लेक्चरं झालेली असतात. डेलिरियमची, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या भ्रमाची, कारणं विचारा, धडाधड सांगतील. मात्र पलंगावरच्या आजोबांना उठवून चार पावलं चालवून बघितलेलं नसतं. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६पासून या विषयात एमडी होता येतं, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याचं प्रादेशिक केंद्र आहे. ही यादी त्यांच्यासाठी नाही. जिथे असा विभागच नाही आणि शिकवणारे आपणच, तिथल्यांसाठी आहे.

रुग्ण आठवडाभर आधी हेरून ठेवा. पडून आलेला एक, गोळ्यांची पिशवी घेऊन आलेला एक, रात्री बडबडणारा एक, कॅथेटर लावलेला एक. आणि एक तरी ठणठणीत डोक्याचा म्हातारा हवाच, नाहीतर सत्तरी ओलांडली की सगळे विसरतात असा समज घेऊन मुलं घरी जातात. ऐनवेळी डिस्चार्ज होतात, म्हणून दोन राखीव ठेवा. संमती रुग्णाकडून घ्या. मुलगा ‘चालेल डॉक्टर’ म्हणाला तरी आधी आजींना विचारायचं. त्या नाही म्हणाल्या तर नाही.

आता मुद्द्याचं. संमती घेता घेताच नातेवाइकांना सांगा: चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी घरून घेऊन या. ॲडमिशनच्या दिवशीच या तिन्ही वस्तू घरी गेलेल्या असतात. नातेवाइकांची चूक नाही. वॉर्डात वस्तू हरवतात हे त्यांना ठाऊक असतं. कवळी तर कागदात गुंडाळून उशीखाली ठेवली की उष्ट्याबरोबर कचऱ्यात जाते. चष्मा, यंत्र, कवळी. एकदा तोंडी सांगा, आदल्या रात्री फोन करून परत सांगा. ‘हो हो, आणतो’ यावर विसंबू नका, कारण येताना माणूस डबा आणतो, धुतलेली साडी आणतो आणि यंत्र विसरतो.

गेल्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. डेमोला बसवलेल्या आजींना एकामागून एक मुलं प्रश्न विचारत होती आणि त्या सगळ्यांना ‘हो बाळा’ म्हणत होत्या. झाडून सगळ्यांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) लिहिलं, आणि मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मुलाने तपकिरीच्या डबीतून यंत्र आणलं. ते कानात घातल्यावर आजींनी फाल्गुनापासून चैत्रापर्यंत महिने उलटे म्हणून दाखवले, वर अधिक महिना कधी होता तेही सांगितलं. तोवर मुलांचं पोस्टिंग बदललं होतं. म्हणजे ती अजून कुठेतरी तसंच लिहीत असणार.

म्हणून स्वतःची एक पेटी करा. वाचायचे दोन-तीन तयार चष्मे, अडीच आणि तीन नंबरचे, फुटपाथवरचे चालतात. यंत्राचे सेल. कानामागच्या यंत्राला बटनसेल लागतो, त्याच्या पाकिटावरचा रंग बघून आणा: १३ नंबरचा नारिंगी, ३१२चा तपकिरी, ६७५चा निळा. वरचा कागद सोलला की मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग बसवायचा. खिशात ठेवायच्या वायरवाल्या यंत्राला साधा पेन्सिल सेल पुरतो. यंत्र नसेलच तर आपला स्टेथोस्कोप आजींच्या कानात घालून डायफ्रामपाशी हळू आवाजात बोला. हळूच, ओरडलात तर त्यांचे कान फुटतील. हा प्रकार मुलांना कुणी दाखवलेला नसतो, पण एकदा बघितला की विसरत नाहीत. ईएनटीकडून ओटोस्कोप (कानात बघायचं साधन) मागून आणा, कारण निम्म्या वेळा नुसता मळ असतो. कवळीसाठी झाकणाचा डबा आणि त्यावर चिकटपट्टीवर पेनाने नाव. कवळीशिवाय बोलणं अडखळतं आणि त्याचं केस पेपरवर डिसआर्थ्रिया (आजाराने उच्चार बिघडणं) होतं. कवळीशिवाय भाकरी चावत नाही आणि त्याचं ‘भूक मंदावली’ होतं.

सिस्टर आणि मावशींना आधी विश्वासात घ्या. नुसतं कळवायचं नाही, शिकवायला बसवायचं. रात्री कोण दोनदा उठतं, कोण कुणाचा हात धरल्याशिवाय संडासला जाऊ शकत नाही, कुणाचं ताट तसंच परत जातं, हे केस पेपरात नसतं, मावशींना माहीत असतं. वीस मिनिटं त्यांच्याकडे द्या. पहिल्यांदा लाजतात, मग थांबत नाहीत. मुलांनी त्यांच्यासमोर उभं राहून ऐकायचं, मोबाईल खिशात.

सामान. हातांची खुर्ची, तिच्यापासून तीन मीटरवर फरशीवर मायक्रोपोरची पट्टी, मोबाईलमधलं घड्याळ. खुर्चीतून उठून पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरा. रुग्णाची रोजची चप्पल आणि काठी हवी, अनवाणी करू नका. एक माणूस अंगाला खेटून चालणार. याला अपवाद नाही. शिकवताना रुग्ण पडला तर तो दिवस तिथेच संपला. आणि हो, चष्मा घालून चालवायचं.

बीपीचं यंत्र सगळीकडे असतं, उभं राहून बीपी मोजणारा माणूस नसतो. पाच मिनिटं आडवं, मग मोजायचं. उभं केल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर ‘अशक्तपणामुळे पडले’ हे वाक्य खोडायचं आणि औषधं बघायची.

वजनकाटा आणा. केस पेपरात वजनाचा रकाना रिकामा असतो आणि त्यावाचून किडनीचा हिशेब होत नाही. मुलांना फळ्यावर हे एक गणित घाला: आजी ८० वर्षांच्या, वजन ४० किलो, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.०. रिपोर्टवर खूण नाही, सगळे म्हणणार नॉर्मल. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने किडनीचं काम काढा: १४०मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाई म्हणून गुणिले ०.८५. उत्तर २८, किडनीचं काम बरंच उतरलेलं. म्हणजे डायबेटिसची मेटफॉर्मिन चालत नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिनचा उपचाराचा डोस दोनदाऐवजी दिवसातून एकदा. या एका गणिताने वर्गात जी शांतता पसरते ती कुठल्याही स्लाइडने पसरत नाही.

औषधांची पिशवी. ‘चिठ्ठी आणा’ म्हणू नका, चिठ्ठीवर अर्धंच असतं. पिशवीच आणा म्हणा, फ्रिजवरची, देवघराजवळची, उशाखालची सगळी. गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याने सुट्या दिलेल्या पांढऱ्या गोळ्या, शेजारणीला गुण आला म्हणून आणलेल्या, झोपेची, पोट साफ होण्याचं चूर्ण. पलंगावर ओतायची आणि एकेक उचलून तीन प्रश्न विचारायचे: कशासाठी, कुणी सुरू केली, आता गरज आहे का. वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांची बीअर्सची यादी २०२३ला नव्याने आली आहे, पण ती अख्खी छापून वाटू नका, कुणी वाचत नाही. पाचांवर अडून बसा: खाजेची एव्हिल, नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलीन, झोपेची डायझेपाम आणि तिची भावंडं, साखरेची ग्लिबेनक्लामाइड, दुखण्यावरची डायक्लोफेनॅक. एव्हिल तर आपल्या वॉर्डात पाण्यासारखं वापरतात. रात्री खाज म्हणून दिलं की पहाटे लघवी तुंबते आणि आजोबा सलाईन ओढून काढतात. मात्र हे शिकल्यावर मुलांना चेव येतो आणि सगळंच बंद करायला निघतात. झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याची एका रात्रीत बंद केली तर फिट येऊ शकते. हे दोनदा सांगा.

डोक्याची तपासणी. यालाच सर्वात जास्त वेळ ठेवा आणि प्रश्न सुरू होण्याआधी मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्या: चष्मा घातला का, यंत्र चालू आहे का, कवळी तोंडात आहे का. यंत्र ‘चालू’ म्हणजे नुसतं कानात असणं नव्हे. तळहाताच्या ओंजळीत धरलं तर शिट्टी वाजली पाहिजे. मास्क खाली, तोंड उजेडाकडे, आवाज खर्जात. वय झालं की आधी उंच पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे किंचाळून काही होत नाही. इंटर्न मुली बिचाऱ्या अजूनच वरच्या पट्टीत जातात.

४एटी ही डेलिरियम ओळखायची छोटी चाचणी घ्या, दोनेक मिनिटांत होते. पण त्यात वय आणि जन्मतारीख विचारली जाते आणि खेड्यातल्या कितीतरी आजींना ती कधीच माहीत नव्हती. आधारवरची एक जानेवारी त्यांची नसते. अशा वेळी बहात्तरच्या दुष्काळात पदरात किती पोरं होती ते विचारा, साताऱ्याकडच्या असतील तर कोयनेच्या भूकंपाच्या रात्रीचं विचारा. १९६७च्या त्या रात्री घराबाहेर कोण झोपलं हे नीट सांगणाऱ्या बाईची जुनी आठवण शाबूत आहे. लक्ष टिकतं का ते बघायला महिने उलटे म्हणायला लावतात. ते येत नसतील तर रविवारपासून वार उलटे. हे शिकवण्यापुरतं, स्कोअर म्हणून लिहू नका. न शिकलेल्यांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या कामातून १९९५ला हिंदीत स्मरणशक्तीची तपासणी तयार झाली, ती मुद्दाम दाखवा. लिहिता न येणं आणि विसरणं यात फरक आहे हे तिच्यावरून कळतं.

नातेवाइकांना एकच विचारायचं: कालपरवापर्यंत असे होते का? ‘नाही हो, सोमवारपर्यंत शेतावर जात होते’ हे उत्तर आलं की डिमेन्शियाचा विचार बाजूला, डेलिरियम समजून कारण शोधा. आणि ‘शांत झोपलेत, सर’ याला फसू नका. आरडाओरडा करणारा सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहिलेला राउंडला सुटतो, आणि तोच जास्त आजारी असू शकतो.

‘चष्म्याने काय होणार’ असं विचारणारा एक जेआर असतोच. त्याला येल विद्यापीठातला १९९९चा अभ्यास सांगा. सत्तरी ओलांडलेले ८५२ रुग्ण. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्क्यांना डेलिरियम झालं, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना. दुसऱ्या गटात नवं औषध एकही नव्हतं. चष्मा, भिंग, आवाज वाढवणारं यंत्र, कानातला मळ काढणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री झोपू देणं, गप्पा मारणं. एवढंच. मोतीबिंदूच्या धुक्यात, यंत्राविना, कवळीविना माणूस चार दिवस छताकडे बघत पडला तर आपलंही डोकं फिरेल.

वेळ उरला तर मुलांनाच म्हातारं करा. गॉगलला व्हॅसलीन, कानात कापूस, बोटांना चिकटपट्टी, आणि सांगा की स्ट्रिपमधून अर्धी गोळी काढून दे. मग देशी संडासात बसून उठून ये. हसतील, हसू द्या, पण रुग्णांसमोर नको. दहा मिनिटं बास.

बोलण्याचं थोडक्यात: अहो-जाहो, सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा नाही, बासष्टीच्या बाईला राग येतो. प्रश्न रुग्णाला, मुलाला नंतर. उत्तराची वाट बघा. शेवटच्या काळाचं बोलणं या दिवशी घुसवू नका, त्याला वेगळा दिवस लागतो.

संपल्यावर फीडबॅकचा फॉर्म नको, ‘छान होतं’ याच्यापलीकडे काही येत नाही. पुढच्या आठवड्यात दहा केस पेपर उघडा आणि तीन गोष्टी शोधा: वजन, उभं राहून बीपी, आणि चष्मा-यंत्र-कवळीची नोंद. नसेल तर त्याच युनिटला परत शिकवा.

वस्तू मोजून परत. पेटीतले चष्मे पेटीत, रुग्णाचे रुग्णाकडे. कवळ्यांची अदलाबदल झाली तर निस्तरता येत नाही. कॅथेटर ज्याला नको होतं त्याचं त्याच दिवशी काढून घ्या. रात्रीच्या ड्युटीच्या जेआरला आणि सिस्टरना सांगून जा की यंत्र झोपताना काढायचं, सेलचं झाकण उघडं ठेवायचं, आणि सकाळी राउंडच्या आधी परत कानात.