मल्लखांबावर परत येताय? मग या चुका टाळा

मोठ्यांच्या संध्याकाळच्या वर्गात दोन प्रकारची माणसं येतात. काहींनी आयुष्यात कधी मल्लखांबाला हात लावलेला नसतो. त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. ती घाबरतात आणि सांगितलेलं ऐकतात. दुसरी म्हणजे "सर, मी शाळेत असताना करायचो" म्हणत येणारी. शाळेत जिल्ह्याला गेलेली, मग दहावी, इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न आणि घराचे हप्ते यात पंधरा-वीस वर्षं निघून गेलेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली, २०२४ साली मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे सरांना पद्मश्री जाहीर झाली. अशी बातमी आली की या मंडळींचे फोन सुरू होतात. यावं, जरूर यावं. पण त्याच त्या चुका बघून आता डोळे दुखायला लागलेत, म्हणून लिहून ठेवतो.

आठवतंय म्हणजे जमेलच असं नाही

सगळ्यात मोठी चूक ही. साधी अढी, म्हणजे उलटं होऊन मांड्यांनी खांब धरणं, एकदा अंगात बसली की सहसा विसरली जात नाही. वीस वर्षांनी मल्लखांबासमोर उभे राहा, हात आपोआप योग्य जागी जातात, पाय उचलले जातात, डोकं खाली जातं आणि मांड्या लाकूड धरतात. इथेच घात होतो. डोक्यातली उडी जशीच्या तशी असते, पण ती झेलणारा खांदा आता वीस वर्षं माऊस हलवणारा असतो.

आमच्याकडे चाळिशीचे एक गृहस्थ आले होते. शाळेतले नावाजलेले खेळाडू, अजूनही अंग बऱ्यापैकी शिडशिडीत. मी सांगितलं, पहिले काही आठवडे जमिनीवरच. सूर्यनमस्कार, दंड, बैठका, कोलांट्या आणि बारला नुसतं लटकणं. त्यांनी मान डोलावली. मी पलीकडे लहान मुलांच्या उड्या बघत होतो, तेवढ्यात हे वर. पहिली अढी इतकी देखणी की मुलं थांबून बघायला लागली. दुसरीही तशीच. मग टाळ्या पडल्या आणि साहेबांनी थेट दसरंग घातला, म्हणजे अढी सोडून सगळं वजन हातांवर. 'कट्' असा आवाज मला दहा पावलांवरून ऐकू आला. खाली आले तेव्हा हसत होते, "फार नाही दुखत." शर्टाची बाही वर केली तर दंडाचा गोळा कोपराच्या दिशेने खाली सरकून बसलेला. दंडाच्या स्नायूची खांद्याकडची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटली होती.

स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात. कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यांना महिने लागतात. म्हणून दुसऱ्या महिन्यात तुम्हाला वाटतं की आता आलो पूर्वीसारखा, आणि नेमक्या तेव्हाच दुखापती होतात. माझा नियम ठरलेला आहे. बारला एक मिनिट शांत लटकता येत नाही आणि खांदे न थरथरता दहा दंड निघत नाहीत, तोवर मल्लखांबावर पाय ठेवायचा नाही. कुणी म्हणेल हे फार जुनाट आहे. असेल. त्या गृहस्थांनी आठवड्याने मला विचारलं, "एका हाताने दोरीवर काही करता येईल का?" यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

वजनाचंही तेच. शाळेपासून पंधरा किलो वाढले असतील, तर प्रत्येक अढीला तुम्ही तांदळाची छोटी गोणी कमरेला बांधून वर जाताय. वजन उतरेल तेव्हा उतरेल, तोवर शेजारच्या नऊ वर्षांच्या पोराशी बरोबरी करू नका. त्याच्या हाताला उचलायला आहेच किती!

तेल आणि राळ

एरंडेल लाकडाला कशासाठी लावतात? कातडं लाकडावर घासून सोलू नये, अंग हवं तिथे सरकावं म्हणून. राळ कशासाठी? घामाने हात निसटू नये म्हणून. दोन्ही चिमूटभर. परतून आलेला माणूस मात्र मांड्यांतली गेलेली ताकद राळेने भरून काढायला बघतो. तळहात, दंड, मांड्या, सगळीकडे पांढरं करून वर चढतो. पकड बसते, छान वाटतं. मग अंग फिरवायची वेळ येते. अंग फिरतं, पण कातडं जागेवरच चिकटून राहतं. काखेतलं आणि मांडीच्या आतलं सालपट निघालं की चार दिवस ऑफिसात पाय फाकवून चालायचं. आणि ती राळ तेलात कालवून जो चिकट थर तयार होतो, तो खरवडून काढायला आम्ही आहोतच!

मी काय करतो ते सांगतो. चार थेंब एरंडेल तळहातावर घेऊन मल्लखांबाला वरून खाली चोळतो, मग कोरड्या फडक्याने पुसून घेतो. नंतर हाताची आतली बाजू लाकडावर दाबून हळूच ओढतो. अडखळत सरकली तर ठीक. सर्रकन घसरली तर पुन्हा पुसायचं. पकड कमी पडते आहे असं वाटलं तर खाली उतरून बैठका मारा, राळेच्या डबीकडे हात नेऊ नका.

दोरीवाल्यांसाठी

ताई लोक बहुतेक दोरीच्या मल्लखांबावर परततात. तिथे पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा असतो, आणि ती कातडी आता लोण्यासारखी मऊ झालेली असते. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. फोड आला तर फोडू नका. दमलात म्हणून दोरीवरून घसरत खाली येऊ नका, हात खाली हात घेत या. ते जमणार नसेल इतके दमला असाल, तर मुळात जास्त वर गेला होतात.

किरकोळ, पण रोजचं

अंगठी, घड्याळ, गळ्यातलं, कमरेचा करगोटा घरी ठेवून या. जेवून येऊ नका. ट्रॅकपँट घालून खांबाच्या मल्लखांबावर चढता येत नाही, मांडीचं कातडं लाकडाला लागावं लागतं. लाजत असाल तर आखूड चड्डी घाला, पण लाजा कमी. कोलांट्या मारल्यावर गरगरतं, मळमळतं, हे वयाने होतंच. रोज दोन-तीन माराव्या, एकदम वीस नाही. पहिल्या महिन्यात मोबाईल पिशवीतच राहू द्या. ज्याचा व्हिडिओ चालू असतो तो एक उडी जास्त मारतो आणि तीच चुकते. गादी सरकलेली आहे का हे चढण्याआधी स्वतः बघा, दुसऱ्याने बघितलं असेल असं धरून चालू नका.

आणि रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर उलटं लटकण्याआधी डॉक्टरांना विचारा. "डॉक्टर हो म्हणाले" असं तोंडी सांगितलेलं मी ऐकून घेत नाही, चिठ्ठी आणा. चिठ्ठी येईपर्यंत जमिनीवरचा व्यायाम आहे, आणि तो भरपूर आहे.